इथे डोंगर नाहीत का? इंदूरहून मध्य प्रदेशात कुठे कुठे हिंडावं

सदाफुली (इंदूर), ६ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर पुण्याहून भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन मुलं दहा दिवसांसाठी येताहेत. भाचा तेरा वर्षांचा, भाची नऊची. घरात आई आहे, वय ७२. दोन्ही गुडघे दुखतात, पण "तू घरीच थांब" म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. तेव्हा तिला मागे ठेवून कुठेही जायचं नाही, हे पक्कं.

मी जन्मापासून रामबागेतली. पाहुणे आले की आमचा फेरा ठरलेला: राजवाडा, लालबाग, रात्री सराफा, सकाळी पोहे-जिलेबी, एक दिवस उज्जैन, एक दिवस ओंकारेश्वर. दोन वर्षांपूर्वी भाचा गच्चीवर उभा राहून म्हणाला, "आत्या, इथे डोंगर नाहीत का?" तो सिंहगड बघत वाढलेला मुलगा. मी चहूकडे पाहिलं, सगळं सपाट. मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं.

या वेळी त्याला डोंगर, रान, पाणी दाखवायचं आहे. जवळचं सांगा, लांबचंही सांगा. मात्र जे तुम्ही स्वतः पाहिलं असेल तेच सांगा, ही विनंती.

खडूफळा (इंदूर), ६ ऑक्टोबर

सदाफुलीताई, भाच्याला सांगा, डोंगर आहे. तू त्याच्या माथ्यावर उभा आहेस, म्हणून तो दिसत नाही.

पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे थोडं लांबण लावतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि इंदूर ५५० मीटरवर. म्हणजे दोन्ही गावं जवळजवळ एकाच पातळीवर. दगडही एकच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा पसरला, त्याचाच सह्याद्री झाला आणि त्याचंच माळव्याचं पठार झालं. आपली काळी माती त्याच दगडाची. फरक इतकाच की पुण्याला उठून डोंगर चढायचा असतो आणि इंदूरला दक्षिणेकडे जाऊन उतरायचं असतं. पुण्याची माणसं ताम्हिणीतून कोकणात उतरतात ना, तसं आपण महूच्या पुढे गेलो की पायाखालची जमीन संपते आणि खाली निमाड दिसतो. तो विंध्याचा कडा. इंदूरच्या आसपासचे जेवढे धबधबे तुम्ही ऐकता, पाताळपाणी, तिंछा, गिदिया खोह, जोगी भडक, ते जवळपास सगळे या एकाच कड्यावरून खाली पडतात.

आणि एक गोष्ट मुलांना नक्की दाखवा. हा कडा म्हणजे घराच्या छपराचं आढं आहे. आढ्याच्या एका अंगाला पडलेला थेंब पुढच्या पन्हळीतून जातो, दुसऱ्या अंगाचा मागच्या. महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर चंबळ उगम पावते. ती उत्तरेला जाते, यमुनेला मिळते, यमुना गंगेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. तिथून काही मैलांवर पाताळपाणीला चोरल नदी कड्यावरून उडी घेते, नर्मदेला मिळते आणि ते पाणी खंबातच्या आखातात जातं. एकाच सकाळी, एकाच गाडीतून दोन समुद्रांची पाणी बघून होतात. मी दरवर्षी नववीच्या मुलांना न्यायचो. पुस्तकातला "जलविभाजक" हा शब्द जानापाववर उभं राहिल्यावर एकदाच सांगावा लागतो.

जानापाव आईंना सोयीचं आहे. गाडी पार वरपर्यंत जाते. जमदग्नींचा आश्रम, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक मानतात. वर देऊळ आहे आणि कुंड आहे. त्रिपुरी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते, तो दिवस टाळा. वाटेत महूला बाबासाहेबांची जन्मभूमी आहे, तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऊनपाऊस (देवास), ७ ऑक्टोबर

जानापावला अनुमोदन. सकाळी आठच्या आत पोचा. नंतर धुरकट होतं आणि लांबचं दिसत नाही.

चिंचपान (महू), ७ ऑक्टोबर

पाताळपाणीचं नाव निघालंच आहे, तर मला लिहायलाच हवं. कोणाला घाबरवायचं नाही, पण हा धागा उद्या जुलै-ऑगस्टमध्येही कोणीतरी वाचेल.

कॉलेजात असताना आम्ही नऊ जण चोरलच्या पात्रात, धबधब्याच्या बरंच वर, खडकांवर बसलो होतो. आभाळ निरभ्र. पाणी घोट्याएवढं, तळातले गोटे मोजता येतील इतकं नितळ. आम्ही भाजलेली कणसं खात होतो. पलीकडच्या काठावर बकऱ्या चारणारे एक आजोबा होते, ते एकदम काठी उंचावून ओरडले, "भागो रे, पाणी अई रियो है!" आम्ही हसलो. पाऊस नाही, काही नाही, पाणी कुठून येणार? मग मी खाली पाहिलं. पाण्यावरून सागाची सुकी पानं, काटक्या, फेसाचे पुंजके वाहत येत होते. एरवी नसतं तसं. नितळ पाणी बघता बघता चहाच्या रंगाचं झालं आणि गोटे दिसेनासे झाले. आम्ही उठलो, एकमेकींचे हात धरून काठावर चढलो. मागे वळून पाहिलं तेव्हा आम्ही बसलो होतो तो खडक पाण्याखाली होता आणि आमचा डबा, चपला, कणसांची पिशवी, सगळं गेलं होतं. जेमतेम चार-पाच मिनिटांत. पाऊस वर कुठेतरी, आम्हाला न दिसणाऱ्या शिवारात पडला होता.

२०११ च्या जुलैत पाताळपाणीला सहलीला आलेलं कुटुंब असंच मधल्या खडकावर अडकलं आणि वाहून गेलं. ते चित्रण साऱ्या देशाने पाहिलं. मला ते आजही पूर्ण बघवत नाही, कारण त्या खडकावर मी उभी राहिले आहे.

म्हणून तीन गोष्टी. पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही, कठड्याच्या अलीकडून बघायचं. पाण्याचा रंग बदलला, पालापाचोळा आला, आवाज वाढला, की सामान तसंच टाकून वर यायचं. आणि गावातलं माणूस काही सांगत असेल तर आधी ऐकायचं, मग विचारायचं.

सदाफुलीताई, तुम्ही नोव्हेंबरात जाताय. तेव्हा धबधब्याला पाणी थोडंच असेल, पण कडा पूर्ण दिसतो, साधारण ३०० फूट खोल. पाऊस असताना नुसता तुषार दिसतो. मला हिवाळ्यातलं पाताळपाणीच जास्त आवडतं.

खडूफळा (इंदूर), ७ ऑक्टोबर

चिंचपान, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी मुलांना नेलं तेव्हा दोरी आणि शिट्टी नेहमी बरोबर असायची. पालक हसायचे.

मीटरगेज (खंडवा), ८ ऑक्टोबर

पाताळपाणीला जाताय तर तिथून कालाकुंडपर्यंतची हेरिटेज गाडी चुकवू नका. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण घाटाचं. चार बोगदे, खोल दऱ्या, वळणं अशी की शेवटच्या डब्यातून इंजिन दिसतं. खंडवा-इंदूर लाइन होळकरांच्या पैशातून झाली. दुसऱ्या तुकोजीरावांनी त्या काळी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, म्हणून इंदूरला रेल्वे आली. आता मीटरगेज उखडून ब्रॉडगेज होते आहे. हा तुकडा तेवढा जुन्या रुळांवर राहिला आहे.

गाडी मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ, शनिवार-रविवारी असते. वेळापत्रक बदलत राहतं, आधी बघून घ्या. कालाकुंडला पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. गाव एवढंसं आहे आणि नाव त्या कलाकंदाने मोठं केलं.

पाताळपाणी स्टेशनाजवळ इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाचं देऊळ आहे. ४ डिसेंबर १८८९ ला इंग्रजांनी त्याला जबलपूरला फाशी दिलं आणि देह इथे रुळांपाशी आणून टाकला, असं इकडचे लोक सांगतात. या लाइनीवरच्या गाड्या त्याच्या मानासाठी इथे क्षणभर थांबायच्या. निमाडात आजही "टंट्या मामा" म्हणतात, नुसतं नाव कोणी घेत नाही.

दूधराज (इंदूर), ८ ऑक्टोबर

डोंगर झाले, आता तळी.

घरापासून पंधरा मिनिटांवर, धार रोडला सिरपूर तलाव आहे. इंदुरातल्या दहा माणसांना विचारा, सात जण आत गेलेले नसतात. होळकरांच्या काळातला तलाव, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला. त्याच वर्षी देपालपूरच्या बाजूचा यशवंत सागरही आला. आणि २०२५ च्या सुरुवातीला इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना "पाणथळ शहर" अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातली पहिलीच. आपल्या गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं की वाजतगाजत मिरवणूक निघते. या मान्यतेची बातमी मी स्वतः दारोदार सांगत फिरलो.

नोव्हेंबरात थंडीचे पाहुणे येऊ लागतात. सूर्य उगवायच्या आत जा, स्वेटर घालून, आवाज न करता बंधाऱ्यावर उभे राहा. आधी नुसतं धुकं दिसतं. मग धुक्यातून काळे ठिपके सरकताना दिसतात, ते वारकरी. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून आपल्याकडे पक्ष्याला हे नाव पडलं. नऊ वर्षांच्या भाचीला हे एवढं सांगा, तिला तो पक्षी जन्मभर ओळखता येईल. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी तोल सांभाळत चालणारा कमळपक्षीही तिथेच. पान किंचित दबतं, बुडत नाही. चक्रवाकाची जोडी दिसली तर दिवस सोन्याचा.

यशवंत सागरच्या आसपासच्या शेतांत सारस दिसतात. माणसाच्या उंचीचा पक्षी, कायम जोडीने. शेतकरी त्याला हाकलत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्याच पाण्याच्या फुगवट्यावर गुलावटचं कमळांचं खोरं आहे. तिथे मात्र सुट्टीच्या दिवशी फोटोवाल्यांची झुंबड असते, मधल्या वारी जा.

रालामंडलही जवळच. १९८९ पासून अभयारण्य, आकाराने लहान, अडीच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. पण टेकडीच्या माथ्यावर होळकरांचं शिकारगाह आहे आणि तिथून इंदूर अख्खं दिसतं. भाच्याला गच्चीवरून दिसला नाही तो डोंगर इथे पायाखाली मिळेल. आईंना चढवू नका, फाटकावर गाडीची चौकशी करा.

एक मात्र नोव्हेंबरात मिळणार नाही, त्यासाठी पुढच्या वर्षी श्रावण-भाद्रपदात रतलामकडे सैलानाला जा. तिथे गवताळ माळ आहे, तणमोरासाठी राखलेला. इकडे त्याला खरमोर म्हणतात. सलीम अलींच्या सूचनेवरून १९८३ साली ते अभयारण्य झालं. नर तणमोर गवतातून एकदम उभा उडतो, पंख फडफडवतो, पुन्हा गवतात पडतो. मादीने पाहावं म्हणून दिवसभरात शेकडो वेळा. जगात फार थोडे उरले आहेत. मी सात वेळा गेलो, दोनदा दिसला. दुसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

सदाफुली (इंदूर), ९ ऑक्टोबर

तुम्ही सगळे इतकं भरभरून लिहिताय की मी वहीच घेऊन बसले आहे. आईला वाचून दाखवलं. कालाकुंडचं नाव ऐकून ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "मी लग्न होऊन अकोल्याहून त्याच गाडीने आले." चाळीसेक वर्षांत हे मला माहीत नव्हतं. गाडीची चौकशी उद्याच करते.

भाऊ विचारतो आहे, वाघ कुठे बघता येईल? दहा दिवसांत कान्हा होईल का?

साजापाली (जबलपूर), ९ ऑक्टोबर

होईल, पण करू नका. इंदूरहून जबलपूर एक रात्र, जबलपूरहून कान्हा आणखी चार-एक तास, पहाटेची थंडी उघड्या जिप्सीत. आईंना सोसणार नाही आणि मुलं पेंगतील. पुण्याच्या माणसाने कान्हा किंवा पेंच नागपूरकडून करावं, ते सरळ पडतं.

कान्ह्याला जाल तेव्हा नुसत्या वाघामागे धावू नका, एवढंच माझं सांगणं. तिथलं खरं दैवत बारासिंगा आहे. कडक जमिनीवर राहणारी ही जात १९७० साली ६६ वर आली होती. कुरणं राखली, कुंपण घालून पाडसं वाढवली आणि कळप पुन्हा भरले. २०१५ मध्ये काही बारासिंगे कान्ह्याहून सातपुड्याला नेऊन सोडले, तेही तिथे रुजले. संध्याकाळी सालाच्या रानाच्या कडेला, गवतात छातीपर्यंत बुडालेला नर शिंगांवर गवत घेऊन उभा असतो. माझ्या नवऱ्याला वाघ तीनदा दिसला आहे, तरी तो सांगतो ते बारासिंग्याचंच.

नियम सगळ्या उद्यानांना सारखे: गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, बुधवारी दुपारची फेरी बंद. बुकिंग सरकारी संकेतस्थळावरून आधी करायचं, आणि ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच अस्सल बरोबर न्यायचं. आमच्या एका नातेवाइकांना झेरॉक्स दाखवल्यामुळे फाटकावरून परत यावं लागलं होतं, लहान मुलं बरोबर असताना. तसं होऊ देऊ नका.

वऱ्हाडी पाऊल (अमरावती), १० ऑक्टोबर

पचमढी कोणीच म्हणून नाही राहिलं? मग मी म्हणतो.

आमच्याकडून दरवर्षी महाशिवरात्रीला आणि नागपंचमीला माणसं पचमढीला जातात. आमच्यासाठी ते हिल स्टेशन नाही, "महादेव" आहे. आमचा आजा चालत गेला, बाप एसटीने गेला, मी रेल्वेने जातो. चौरागडाच्या पायऱ्या चढताना खांद्यावर त्रिशूळ असतो. नवस फेडायचा म्हणून काही काही त्रिशूळ तर दोन-दोन मण वजनाचे, चार माणसं उचलतात. वर पोचलं की देवळाच्या भोवती त्रिशुळांचं रानच उभं. नागद्वारीची वाट वर्षातून तेवढे दहा-पंधरा दिवसच उघडते. धुकं, चिखल, पाठीवर पाऊस, आणि दरीतून "हर बोला महादेव" ऐकू येत राहतं. पुढचा माणूस दिसत नाही, त्याच्या आवाजामागे चालायचं.

पण ताई, तुमच्या आईसाठी दुसरी पचमढी आहे. धूपगड सातपुड्यातलं सर्वात उंच ठिकाण, १३५० मीटर, मध्य प्रदेशातही त्याच्यावर काही नाही. तिथे जिप्सी माथ्यापर्यंत जाते. मावळतीला घेऊन जा आणि शाल विसरू नका. पांडव लेणी बागेतून खालूनच दिसतात, वर चढलंच पाहिजे असं नाही. बी फॉलच्या पायऱ्या मात्र खूप, तिथे आईला नेऊ नका, उतरताना सोपं वाटते आणि चढताना गुडघे रडतात. इंदूर-जबलपूर रात्रीची गाडी पिपरियाला थांबते, तिथून पचमढी ५० किलोमीटर.

आणि वाघाची हौस असेल तर त्याच बाजूला मढई आहे. देनवा नदी नावेतून ओलांडून सातपुड्याच्या जंगलात शिरायचं. इथे गाईडबरोबर पायी फिरता येते, हे मोठ्या जंगलांत फार कमी ठिकाणी मिळते. वाघ दिसेल न दिसेल, पण अस्वलाचं ताजं पाऊल मातीत बघितलं की तेरा वर्षाचा पोरगा ते विसरत नाही. लहान मुलांना पायी फेरीत घेतात की नाही, ते आधी विचारून घ्या.

ग्वाल्हेरी (ग्वाल्हेर), ११ ऑक्टोबर

माळवा, निमाड, सातपुडा सगळं आलं, उत्तर राहिली.

शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळ्याची राजधानी. तिथलं माधव राष्ट्रीय उद्यान मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, राज्यातलं नववं. आत सख्यासागर तलाव आहे, तोही रामसर यादीत. थंडीत काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, लांबून ओंडका वाटतात. शिवपुरीतच १८ एप्रिल १८५९ ला तात्या टोप्यांना फाशी दिलं. आम्ही दरवेळी आधी तिथे हात जोडतो, मग जंगलात जातो.

शेजारी कुनो. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते तिथे आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा. काही गेले, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं. काहींची पिल्लं इथेच जन्मली, इथल्याच मातीत वाढताहेत.

आणि खडूफळा काका, तुमची जानापावची चंबळ आमच्याकडे मुरैनाला येते तेव्हा ती ओळखू येणार नाही. दोन्ही काठांना मातीचे सुळके, घळया, मध्ये स्वच्छ हिरवं पाणी. राजघाटावरून नावेत बसलं की वाळूवर सुसरी दिसतात. लांब अरुंद जबडा, आणि मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा फुगीर गोळा. त्या घड्यावरून घडियाल. एवढं मोठं धूड आणि खातं नुसते मासे. जगातल्या उरलेल्या सुसरींपैकी सर्वात जास्त आमच्या या नदीत आहेत. मुलांनी जानापावला कुंड पाहिलं की त्यांना हे आवर्जून सांगा: हेच पाणी.

खडूफळा (इंदूर), ११ ऑक्टोबर

वा! मधला दुवा मी जोडतो. त्याच चंबळेवर मंदसौर-नीमचकडे गांधीसागर आहे, १९६० सालचं धरण. एप्रिल २०२५ मध्ये कुनोतले दोन चित्ते तिथल्या अभयारण्यात आणून सोडले. कड्याखालच्या नाल्यात, चतुर्भुज नाल्याला, दगडावर रंगवलेली चित्रं आहेत, मैलोन् मैल.

चित्रांवरून आपल्या माणसाचं नाव निघालंच पाहिजे. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर, जन्म नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. १९५७ साली रेल्वेतून जाताना त्यांना लांबवर वेगळ्या आकाराचे खडक दिसले. ते तिकडे चालत गेले आणि भीमबेटका जगापुढे आलं. २००३ पासून ते जागतिक वारसा आहे. आणि ज्या रातापानीच्या जंगलात भीमबेटका आहे, तो २०२४ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झाला, वाकणकरांच्या नावाने. भोपाळच्या पुढे ४५ किलोमीटर. चालायची वाट बांधलेली, सावली भरपूर, आईंना चालेल. एका खडकावर लहान मुलाच्या हाताचा ठसा आहे. तुमच्या भाचीने लांबूनच आपला पंजा त्याच्यासमोर धरून बघावा. हात लावायचा नाही.

चिंचपान (महू), १२ ऑक्टोबर

मांडू राहिलं की! जहाज महालाला सपाटच चालायचं आहे. रूपमतीच्या मंडपापर्यंत मात्र चढ आहे, आईंना खाली बसवा. वरून निमाड पायाशी पसरलेला दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघ. तोच कडा, फक्त पश्चिमेकडचा. रस्त्याच्या कडेला गोरखचिंचेची झाडं बघा, बुंधा असा की पाच माणसांच्या कवेत येत नाही. आफ्रिकेतून आलेलं झाड. इथे त्याला "मांडू की इमली" म्हणतात. फळं विकायला बसलेल्या बायकांकडून एक घ्या आणि मुलांना फोडू द्या. आतला पांढरा गर जिभेवर ठेवला की विरघळतो, आंबट-गोड.

धार जिल्ह्यातच बाघकडे डायनासोरची अंडी सापडली आहेत. २०२३ च्या जानेवारीत शोधनिबंध आला, ९२ घरटी आणि २५६ अंडी. पाडल्या गावात शेतात मिळालेल्या अशा गोल दगडांना लोक पिढ्यान् पिढ्या भैरव मानून नारळ वाहत होते, शेताची आणि गुरांची राखण करतो म्हणून. मला त्यात चूक काहीच दिसत नाही. ज्यांनी पुजलं त्यांनी जपलं.

दूधराज (इंदूर), १२ ऑक्टोबर

एक कळकळीचं मागणं. गावात चॉकलेटचा कागदसुद्धा खिशात ठेवणारे आपण इंदूरकर, तिंछाला नि चोरलला गेलो की प्लास्टिकच्या प्लेटा, बाटल्या तिथेच सोडून येतो. मागच्या महिन्यात मी दोन गोण्या भरून आणल्या. खंड्याच्या घरट्याच्या बिळात शेवेची पिशवी अडकली होती, आत पिल्लं होती. गाडीत एक रिकामी पिशवी ठेवा. कडा आपलाच आहे.

सदाफुली (इंदूर), २३ नोव्हेंबर

मंडळी, पाहुणे काल गेले. ठरवलं होतं तेवढं सगळं झालं नाही. भीमबेटका राहिलं, पचमढी मार्चात करायचं ठरलं. पण जानापाव, सिरपूर, मांडू आणि कालाकुंड झालं.

जानापावला सात वाजता पोचलो. भाचा कठड्यापाशी उभा राहून बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी तेव्हा डोंगरावरच उभा होतो." खडूफळा काका, हे तुमचं. सिरपूरला भाचीने सतरा वारकरी मोजले आणि घरी येऊन आजीला कपाळावर बोट ठेवून टिळा दाखवला.

गाडी त्या रविवारी होती. आई खिडकीपाशी बसली. पाताळपाणी सुटायच्या आधीच तिने मुलांना सांगून ठेवलं, बोगदे चार. पन्नास वर्षांपूर्वी उलट्या दिशेने, नवी नवरी म्हणून येताना तिने मोजले होते. कालाकुंडला गाडीला मागून आणखी एक इंजिन जोडायचे, ढकलायला. ते जोडतानाचा धक्का बसला आणि तिच्या मांडीवरचा लाडवांचा डबा पडला, हे तिने आम्हाला पहिल्यांदा सांगितलं. तिसऱ्या बोगद्यात मुलं ओरडत होती, आणि अंधारात मला आईचाही आवाज ऐकू आला. ती त्यांच्याबरोबर ओरडत होती.

कलाकंद पळसाच्या पानातच मिळाला. आईने पान पुसून पर्समध्ये ठेवलं आहे.

मीटरगेज (खंडवा), २३ नोव्हेंबर

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. माझे वडील त्याच घाटात मागच्या इंजिनावर फायरमन होते. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो, तेव्हा कालाकुंडची दरी दोन्ही अंगांनी लाल होते. गाडी नसली तरी रस्त्याने चोरलपर्यंत या, पुढचं मी दाखवतो.

सदाफुली (इंदूर), २४ नोव्हेंबर

आई म्हणते, नक्की येणार. आणि विचारते, त्या इंजिनाची शिट्टी दोन वेळा वाजायची की तीन?